गेनवरचा जांभळा ठिपका

जालिंदरचा उजवा हात आमच्याच टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात होता आणि व्हाइसचा दांडा संपतशेठच्या मुठीत होता.

"हरिबा, तू माळकरी माणूस," शेठ म्हणाला. आवाज अगदी पाहुण्याला चहा विचारावा तसा. "तू खोटं बोलत नाहीस म्हणून तुला इचारतो. माझी गाडी कुणी जाळली?"

मी म्हणालो, शेठ, आधी त्याचा हात सोडा, मग मी गाडी बघतो. शेठने दांडा आणखी थोडा फिरवला. जालिंदर ओरडला नाही. त्याने मान भिंतीकडे वळवली आणि भिंतीलाच ऐकवत शेठच्या मागच्या पिढ्यांचा समाचार घेतला. शेठच्या दोन माणसांपैकी एकाने त्याच्या पोटात गुडघा घातला. त्या गुडघ्याने अंग खाली गेलं, पण हात व्हाइसमध्येच राहिला. तेव्हा मात्र तो ओरडला.

कुर्डुवाडीच्या बायपासला आमचं दुकान. गाड्यांना स्पीकर, वूफर बसवायचं. जालिंदर आणि मी भागीदार. भर दुपारची वेळ होती, पण शटर त्यांनी आतून ओढून घेतलं होतं आणि बाहेर ट्रकांचा आवाज इतका होता की आत माणूस कापला तरी कुणाला कळलं नसतं. शेठची काळी गाडी दुकानात उभी होती, डिकी उघडी. जळालेल्या कॉइलचा कडवट वास सगळीकडे भरला होता. पुढच्या सीटवर शेठची बायको बसली होती, डोक्यावर पदर, नजर समोरच्या काचेवर. भागीरथीबाई तिचं नाव.

झालं होतं असं. त्या सकाळी शेजारच्या गावच्या जत्रेत दोन गाड्यांची पैज लागली होती, कुणाच्या डिकीचा हादरा मोठा. एका बाजूला खडी क्रशरचे मालक संपतशेठ, दुसऱ्या बाजूला टेंभुर्णीकडचा एक वाळूवाला. मैदान माणसांनी भरलेलं. शेठने आपलं आवडतं गाणं लावलं, पुरता आवाज दिला, आणि घटकाभरात वूफर खोकल्यासारखा झाला. मग डिकीतून धूर निघाला. वाळूवाल्याच्या पोरांनी धावत येऊन डिकीवर कळशी ओतली. एकाने तर मयताला घालतात तसा फुलांचा हार आणून डिकीवर टाकला. सगळी जत्रा हसली. शेठ तिथून घरी गेला नाही, थेट आमच्याकडे आला.

तो वूफर पंधरवड्यापूर्वी आम्हीच बसवला होता. तेव्हाचं थोडं सांगायला हवं.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, हे मी आजवर किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल. पुढच्या डेकमधून येणारा आवाज ॲम्पने किती उचलून घ्यायचा, ते डिकीतल्या ॲम्पवरचा तो बारीक स्क्रू ठरवतो. दबक्या आवाजाला जास्त उचलावं लागतं, चढ्याला कमी. चढ्या आवाजाला जास्त उचललं की ॲम्पची ताकद संपते, लाटेचे शेंडे कापले जातात आणि ती सपाट झालेली लाट वूफरच्या कॉइलला आतून भाजून काढते. जालिंदर मीटर लावून गेन ठरवायचा. मग मी कानाने तपासायचो, आणि ते मृदंगावर. लहानपणापासून कीर्तनात मी बसतो तो मृदंगाच्या डाव्या अंगाला. तिकडच्या पुडीला कणीक लावलेली असते, तिला धुमा म्हणतात. बुवा चढाला गेले आणि मृदंग्याने धुम्यावर तळवा दाबून घुमारा काढला की तो छातीच्या पिंजऱ्यात घुमतो, डोळ्यांत पाणी येतं. वूफर नीट लागला असेल तर तो घुमारा गोल येतो, चुकला असेल तर फाटका येतो. जालिंदरला ह्याची भारी गंमत वाटायची. तो मला बुवाच म्हणायचा. गिऱ्हाइकाला सांगायचा, थांबा, आमच्या बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं की तुमची गाडी पास.

गेन ठरला की जालिंदर त्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. बायकोची बाटली आणून ठेवली होती त्याने, जांभळी. ठिपका शाबूत तोवर काम आमचं, तुटला की ज्याने तोडला त्याचं. ह्या बाबतीत तो एखाद्या सोवळ्यातल्या माणसासारखा कडक होता.

त्या दिवशी मी मृदंग लावला तेव्हा भागीरथीबाई गाडीपाशी उभी होती. ती एकदम पुढे आली आणि तिने मला विचारलं, आपल्याकडचं जुनं कीर्तन लावलं तर धुमा असाच ऐकू येईल का. मी म्हणालो, रेकॉर्डिंग दबकं असेल तर नाही यायचा. त्याच्यापुरता हा स्क्रू वाढवावा लागेल. तिला अजून काही विचारायचं होतं. शेठने हसत हसत तिचं मनगट धरलं आणि ते हळूहळू पिळत नेलं, बांगड्या फुटेपर्यंत. हसणं तसंच.

"भजनी मंडळ काढायचंय आमच्या बाईसाहेबांना," तो आम्हाला म्हणाला. मग डेककडे बोट दाखवून सांगितलं, की गाडीत आवाजाचा नंबर तो ठेवील तोच राहतो. आधीच्या ड्रायव्हरने एकदा नंबर बदलला होता, तो आता एकाच बाजूने चावतो. त्याची माणसं ह्यावर मनापासून हसली. भागीरथीबाईने वाकून काचेचे तुकडे गोळा केले, दुकानात कुणाच्या पायात जायला नकोत म्हणून.

तर आता तीच गाडी पुढ्यात होती.

मी डिकीत शिरलो. वूफर सोडवून बाहेर काढला. मोठा होता, मागचं चुंबक एखाद्या जात्याच्या पाळीएवढं. कॉइल काळी पडून चिकटली होती. वूफर खाली फरशीवर ठेवला आणि ॲम्पकडे वळलो. जालिंदर मागून ओरडून सांगत होता, "बुवा, ठिपका बघ. ठिपका बघ आणि सांग ह्याला."

ठिपका तुटलेला होता. स्क्रू शेवटपर्यंत उजवीकडे फिरवलेला. पण त्याच्या खाचेवरचे ओरखडे स्क्रूड्रायव्हरचे नव्हते, अगदी बारीक होते, शेजारी शेजारी. ॲम्पच्या खालच्या गालिच्यात केसातल्या पिनेचा मोडका पाय पडला होता.

कॉइल जळाली तरी दाराचे स्पीकर चालू होते. डेक तपासतो म्हणून मी पुढे गेलो, भागीरथीबाईच्या शेजारच्या सीटवर टेकलो, आवाज अगदी कमी केला आणि शेठच्या गाण्याआधी काय वाजलं होतं ते लावलं. कीर्तन होतं. कुणीतरी खिशातल्या मोबाइलवर घेतलेलं, दबकं, लांबून आल्यासारखं. बुवांचा आवाज कसाबसा लागत होता. मृदंग होता, पण त्याची फक्त उजवी, चाटेची बाजू, टिचक्यांसारखी. मी तेवढ्यावरून ओळखला. केरबा मृदंगी. त्यांच्या डाव्या अंगाला मी किती हरिनाम सप्ताहांत बसलो होतो. गेल्या वर्षी गेले. त्यांची मुलगी क्रशरवाल्याकडे दिली आहे एवढं ऐकलं होतं, पण ती ही, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

मी तिच्याकडे बघितलं. पदराखाली अंबाड्याच्या एका बाजूची बट सुटली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मनगटावर जुनी पिवळट खूण होती, तिच्यावर नव्या बांगड्या. तिचा श्वास इतका उथळ चालला होता, की ती श्वास घेते आहे की नाही असं वाटावं.

आता खरं बोललो तर जालिंदरचा हात सुटत होता, आणि ही बाई आज घरी जिवंत पोचत नव्हती. शेठला जत्रा हसली होती. त्याला ते कुणाच्या तरी अंगावर उतरवायचंच होतं.

मी परत डिकीशी गेलो. पाठ त्यांच्याकडे करून नखाने उरलासुरला जांभळा रंग खरवडला. पिनेचा तुकडा कुठे ठेवावा कळेना. खिसे त्यांनी आल्याआल्याच उलटे केले होते, पुन्हा करतील असं वाटलं. मी तो जिभेखाली धरला.

"ठिपका नाही," मी म्हणालो. "दिलाच नव्हता. गेन मीच जास्त ठेवला होता शेठ. जालिंदरने मीटरने बरोबर लावला होता, मी कानाने वाढवला. चूक माझी."

जालिंदर क्षणभर दुखणंच विसरला. "दिला नव्हता? माझ्या हातानं दिलाय मी. बुवा, माझ्याकडं बघ."

मी बघितलं नाही.

"माझं काम खोटं ठरवतो व्हय रं?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जे होतं ते व्हाइसने आणलेलं नव्हतं.

शेठने दांडा सोडला. माणसांना म्हणाला, त्याला सोडा, ह्याला धरा. जालिंदर टेबलाच्या पायाशी हात पोटात घेऊन बसला. दोघांनी मला दोन्ही दंडांना धरलं. शेठने घड्याळ काढून गाडीच्या टपावर ठेवलं, नीट, काच वर करून. मग उघड्या तळव्याने माझ्या डाव्या कानावर मारलं. आधी आवाज झाला, मग आवाज संपला. नुसती एक लांब शिट्टी राहिली. पोटात मारलं, तेव्हा माझे गुडघे गेले. त्यांनी मला परत उभं केलं. तो बोलत होता, काय ते मला अर्धंच ऐकू येत होतं. वाळूवाल्याच्या पोरांनी हार कसा टाकला ते तो मला सांगत होता, आणि प्रत्येक वाक्यानंतर मारत होता. मी मनात नाम धरायचा प्रयत्न केला. धरवेना. शिट्टीच एवढी होती.

मग जबड्यावर ठोसा बसला. जिभेखालची पिन आतून गालात घुसली आणि मी तोंड उघडलं. रक्ताची गुळणी फरशीवर पडली. तिच्यात पिन पडली.

शेठ वाकला. दोन बोटांनी ती उचलली, माझ्या शर्टाला पुसली, उजेडात धरली. पिन बघितली, मग स्क्रू बघितला. तो मूर्ख नव्हता. त्याने गाडीच्या पुढच्या काचेकडे बघितलं.

मला धरणाऱ्यांचे हात सैल पडले. दोघेही फरशीकडे बघू लागले. हे त्यांनी आधीही बघितलं असावं, आणि बघायचं नसेल तेव्हा कुठे बघायचं ते त्यांचं ठरलेलं असावं.

भागीरथीबाई स्वतःच खाली उतरली. दार नीट लावलं.

"मी फिरवला," ती म्हणाली. "बाबांचा धुमा लागत नव्हता."

शेठने विचारलं, आवाज वाढवायचा होता तर पुढं बटण होतं, डिकीत कशाला शिरलीस.

"तुम्ही नंबर बघता," ती म्हणाली. "बावीसवर ठेवून जाता आणि आलं की बघता. मागं एकदा चोवीस दिसला होता. तेव्हा माझं काय केलं ते सांगा ह्यांना."

आवाज चढा नव्हता. धुणं वाळत घालताना शेजारणीशी बोलावं तसा. "परत खाली करायचा राहिला. तुम्ही लवकर आला. तेवढंच चुकलं."

शेठने टेबलाखालून जॅकचा लोखंडी दांडा उचलला आणि तिच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला उजव्या कानाने ऐकू आला. ती पडली नाही. गाडीला पाठ टेकून उभी राहिली, एक हात लोंबकळत. त्याने दांडा परत वर घेतला, ह्या वेळी डोक्यावर.

मी कसा सुटलो ते मला नक्की सांगता येणार नाही. बहुतेक त्यांनी सोडलं. पायाशी तो जळका वूफर होता. दोन्ही हातांनी उचलला आणि चुंबकाच्या बाजूने शेठच्या पाठीवर आणला, मानेच्या जरा खाली. तो गुडघ्यांवर गेला, मग पालथा. उजवा हात पुढे पसरलेला, आणि मूठ अजून दांड्यावर. ती मूठ आवळली. तो उठणार होता.

त्याचा एक माणूस पुढे सरकला. जालिंदर तोवर उभा राहिला होता. डाव्या हातात तापलेली सोल्डरिंग गन. "ये की," तो म्हणाला. "डोळ्यात घालतो. ये." माणूस थांबला.

"अजून एक," भागीरथीबाई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. नजर त्याच्या हातावर होती, पण बोलली ती माझ्याशी.

"अजून एक, दादा."

मी वूफर त्याच्या मनगटावर घातला.

तो ओरडला तसा माणूस ओरडलेला मी पुन्हा ऐकला नाही. दांडा घरंगळत शटरपाशी गेला. बाहेर ट्रक जात होते. शेठचा एक माणूस पदराकडे बघत, अगदी हळू म्हणाला, "बाईसाहेब, आता काय करायचं?"

मला वाटलं ती पोलिसांना बोलवा म्हणेल. तिने खांदा धरून थोडा विचार केला.

"गाडीत घाला," ती म्हणाली. "क्रशरच्या पट्ट्यात हात गेला म्हणून सांगा दवाखान्यात. माझ्या खांद्याचंबी तेच. काढायला गेले, पट्ट्यानं मारलं." मग खाली पडलेल्या नवऱ्याला म्हणाली, "तुम्हीबी तेच सांगा. नाहीतर जत्रेत काय जळालं आणि कशानं, ते सगळ्यांना कळंल."

त्याने तेच सांगितलं. शेवटपर्यंत. कीर्तनापायी आपला वूफर जळाला आणि माळकऱ्याने आपलं मनगट मोडलं, हे कुणाला सांगण्यापेक्षा त्याला तो हात गेलेला बरा वाटला. तो हात पुन्हा कधी मूठ करू शकला नाही. भागीरथीबाई दवाखान्यातूनच भावाकडे माढ्याला गेली. आणायला कुणी गेलं नाही.

माझा डावा कान गेला तो गेलाच. मी आता कीर्तनात मृदंगाच्या त्याच डाव्या अंगाला, पण तोंड फिरवून बसतो, उजवा कान धुम्याकडे करून. नव्या मृदंग्यांना वाटतं म्हातारा चुकून उलटा बसला.

जालिंदरची दोन बोटं आखडली. पण त्याचा खरा राग बोटांचा नव्हता. आम्ही एकत्र दुकान उघडायचो, एकत्र जेवायचो, आणि तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. बुवा म्हणणं बंद झालं. मी एकदा सांगून बघितलं, की पिन दिसल्यावर मला दुसरं काय करता आलं असतं. तो म्हणाला, बाईला वाचवलंस ते बरोबर केलंस, पण चूक माझी म्हणायचं तर नुसतं तेवढंच म्हणायचं, ठिपका दिलाच नव्हता असं कशाला. मी म्हणालो, घाईत सुचलं ते बोललो. तो म्हणाला, "घाईत माणूस ज्याला हलकं समजतो त्याच्यावर ढकलतो."

पावसाळा संपताना एकदा दोघे शटर अर्धं ओढून भाकरी खात बसलो होतो. जालिंदर डाव्या हाताने खायला शिकला होता. मधेच थांबला आणि त्याने विचारलं, "बुवा, खरं सांग. ती अजून एक म्हणाली नसती तर तू दुसरा घाव घातला असतास?"

किती दिवसांनी त्याने बुवा म्हटलं होतं.

मी त्याला खरं सांगितलं. "ती बोलली तेव्हा वूफर माझ्या डोक्यावर होता. मी आधीच उचलला होता."

जालिंदरने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मी बघत होतो," तो म्हणाला. "तिनंबी बघितलं होतं. मग ती कशाला बोलली?"

मला जे वाटलं ते सांगितलं.

"त्याचं पाप मला एकट्याला लागू नये म्हणून."